कन्व्हेक्शन फॅनवाला ओटीजी: फॅन कधी लावायचा आणि कधी बंद ठेवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बोरिवलीच्या एका ताईंनी ३० लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन) घेतलाय, कन्व्हेक्शन फॅनवाला, म्हणजे आतली गरम हवा फिरवणारा पंखा असलेला. केक वरून फुटतो आणि मधे कच्चा राहतो, बोंबील आत ठेवले तर पार लगदा झाला, नानकटाई पसरून एकमेकींना चिकटली, आणि आता घरचे म्हणतायत हा खोका विकून टाक आणि एअर फ्रायर घे. मी गिरगावात घरच्या घरी बेकिंगचे क्लास घेते, बरीच वर्षं झाली, आणि पहिल्या दिवशी येणाऱ्या तक्रारी थोड्याफार फरकाने याच असतात. तर ताई, विकू नका. मशीन बहुतेक बरोबर आहे, कुठे फॅन चुकीच्या वेळी चालू आहे, कुठे पदार्थाची तयारी चुकतेय, एवढंच.

फॅन नक्की काय करतो ते आधी बघू, कारण रेसिपीच्या व्हिडिओत हे कुणी सांगत नाही. पदार्थाच्या भोवती एक थंडसर, ओलसर हवेचा थर असतो, त्याच्यातूनच निघालेली वाफ तिथे साचलेली असते. फॅन तो थर सतत उडवून लावतो. म्हणून गरम हवा थेट पदार्थाला लागते, आणि दुसरं म्हणजे पाणी भराभर उडून जातं. जुलैत घरात दोरीवर कपडे टाकून वर पंखा लावतो ना, तेच. पंखा लावून खोली काही गरम होत नाही, पण कपडे वाळतात. आता हे डोक्यात ठेवून प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारायचा: याच्यातलं पाणी मला बाहेर काढायचंय की आत ठेवायचंय? काढायचं असेल तर फॅन चालू, ठेवायचं असेल किंवा पदार्थ अजून फुगायचा बाकी असेल तर फॅन बंद. माझं अर्ध शिकवणं या एका प्रश्नावर चालतं.

आपल्याकडच्या बहुतेक घरगुती ओटीजीत फॅनच्या मागे वेगळा तापणारा रॉड नसतो हेही माहीत असू द्या. मोठ्या ओव्हनमध्ये फॅनभोवती गोल रॉड असतो आणि तो गरम हवाच आत ढकलतो, आपल्यात वरचे आणि खालचे रॉड तापतात आणि फॅन ती हवा नुसती ढवळतो. त्यामुळे फॅन चालू असला तरी वरचा रॉड पदार्थावर थेट आग ओकतच असतो, आणि ३० लिटरच्या डब्यात तो फार लांब नसतो. केक फुटण्याचं अर्ध कारण इथेच आहे.

पण त्याच्याही आधी तापमान. नॉबवर १८० लिहिलंय म्हणजे आत १८० आहे असं समजू नका. थर्मोस्टॅट रॉड चालू-बंद करत राहतो, आतलं तापमान वरखाली हेलकावे खात असतं, आणि नॉबवरचे आकडे दहावीस डिग्री इकडेतिकडे असणं अगदी नेहमीचं आहे, कधी जास्तही. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला बेकिंगच्या सामानाची दुकानं आहेत तिथे आत टांगायचा ओव्हन थर्मामीटर मिळतो, चारपाचशे रुपयांत काम होतं. सिलिकॉनचे मोल्ड आणि गुलाबी स्पॅच्युला नंतर घ्या, आधी हा घ्या. जाळीच्या मधोमध ठेवा, १८० लावा, पंधरावीस मिनिटं दार न उघडता काचेतून बघत रहा आणि रॉड तापतोय हे दाखवणारा नॉबजवळचा दिवा दोनतीनदा लागून विझू दे, मग जो आकडा कमीजास्त होताना दिसेल त्याचा मध्य म्हणजे तुमच्या नॉबचं खरं १८०. कागदावर लिहून ओव्हनच्या बाजूला चिकटवा.

अजून एक फुकटातली टेस्ट आहे. जाळीवर स्लाइस ब्रेड पूर्ण पसरा, एकाला एक लावून, आणि १८० वर दहाएक मिनिटं ठेवा. कुठला स्लाइस काळा पडला, कुठला पांढरा राहिला त्यावरून कळतं की तुमच्या ओव्हनचा कुठला कोपरा जास्त तापतो. बहुतेक वेळा मागची बाजू. एकदा कळलं की अर्ध्या वेळेनंतर ट्रे फिरवायची सवय लावून घ्यायची. करपलेल्या ब्रेडचा चुरा करून ठेवा, पुढे कटलेटला लागेल.

आणि प्रीहीट म्हणजे पाच मिनिटं नाही. रॉड लालभडक असताना पदार्थ आत सरकवला की वरची बाजू पहिल्याच दोन मिनिटांत रंगते आणि आत काही झालेलं नसतं. दिवा एकदा विझू दे, परत लागू दे, परत विझू दे, मग ठेवा. रिकामा छोटा ओव्हन बारा ते पंधरा मिनिटं घेतो. दार पुन्हा पुन्हा उघडून बघणं हाही आपला राष्ट्रीय छंद आहे, पण हे पत्रे पातळ असतात, आतली गरम हवा एका झटक्यात बाहेर जाते आणि मग दोन्ही रॉड पेटून उठतात. आतला दिवा कशाला दिलाय मग.

आता केक. स्पंज केक, रव्याचा केक, मावा केक, सगळ्यांना फॅन बंद, दोन्ही रॉड, जाळी खालून दुसऱ्या खाचेत, म्हणजे टिनचा मध्य साधारण ओव्हनच्या मधे येतो. फॅन चालू ठेवला की वरचा थर वाळून लगेच कडक होतो, आतलं पीठ अजून फुगत असतं, त्याला जायला जागा हवी म्हणून ते मधून फोडून वर येतं. तुमचा फुटलेला केक म्हणजे हेच, बेकिंग पावडर जास्त झाली वगैरे नंतरची गोष्ट. तुमच्या मॉडेलमध्ये फॅन बंदच होत नसेल (काहींमध्ये असं असतं) तर रेसिपीत दिलेल्या तापमानातून १५ ते २० डिग्री कमी करा, १८० असेल तर १६०-१६५, आणि रंग आला की वरून फॉइल नुसती अलगद टेकवा, कडा जरा दाबून घ्या नाहीतर फॅन ती उडवतो. सात इंचाचा टिन या साइजला बरोबर बसतो, चारी बाजूंनी दोनेक इंच जागा राहिली पाहिजे. आणि तो स्टीलचा डबा, ज्यात आजीच्या काळापासून सगळं होतं, तो केकला नको. स्टील उष्णता नीट पसरवत नाही, कडा वाळतात आणि मधे ओलं. साधा अॅल्युमिनियमचा टिन घ्या. काळा नॉनस्टिक असेल तर तो जास्त उष्णता ओढतो, तळ लवकर करपतो, त्याला दहा डिग्री अजून कमी.

नानकटाईचं उलटं आहे. तिला फॅन चालतो, १६० वर पंधरा ते अठरा मिनिटं, एक ट्रे. ती पसरली ते फॅनमुळे नाही, मुंबईच्या हवेमुळे. एप्रिल-मे सोडाच, ऑक्टोबरमध्येसुद्धा आपल्या किचनमध्ये तूप ओटयावर ठेवल्या ठेवल्या पातळ होतं, आणि पातळ तुपात मळलेलं पीठ ओव्हनमध्ये जाताच बसतं. तूप थिजलेलं घ्या, पिठीसाखरेबरोबर हलकं होईस्तोवर फेसा, एक वाटी मैद्याला पाव वाटी बेसन आणि दोन चमचे रवा, अर्धी वाटी तूप, अर्धी वाटी पिठीसाखर, वेलची, आणि गोळे करून ट्रेसकट वीस मिनिटं फ्रीजमध्ये. मग बेक. बाहेर काढताना मऊच लागते, तशीच काढायची, गार होताना कडक होते, आत ठेवून कडक करायला गेलात तर दगड होईल. पूर्वी दिवाळीच्या आधी लोक पीठ घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जायचे आणि भट्टीत भाजून आणायचे, अजूनही काही ठिकाणी चालतं, पण जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनावर जायला सांगितल्यापासून त्या भट्ट्यांचं गणित बदललंय. पावाची चव बदलली का यावर आमच्याकडे दर रविवारी वाद होतो, मी त्यात पडत नाही.

फॅन खरा कुठे कमाल करतो ते सांगते, आणि हे तुम्हाला केकच्या क्लासमध्ये कुणी सांगणार नाही. पातळ पोह्यांचा चिवडा. पावसाळ्यात गणपतीच्या आधी ऊन नसतं, पोहे कढईत भाजायला घेतले की आकसतात नाहीतर तुटून चुरा होतो. ट्रेवर पसरा, फार जाड थर नको, ११० ते १२० वर फॅन लावून आठदहा मिनिटं, मधे एकदा हलक्या हाताने वरखाली करा. हातात घेऊन चुरडले की कुरकुर आवाज आला पाहिजे. शेंगदाणे १६० वर पंधरा ते वीस मिनिटं, सगळे एकसारखे भाजले जातात, गॅससमोर उभं राहून घाम गाळायला नको, कूट केल्यावर फरक कळतो. खोबऱ्याचे काप लवकर रंगतात, त्यांना १४० पुरे आणि लक्ष ठेवा. मऊ पडलेली खारी, बिस्किटं, टोस्ट, १३०-१४० वर पाचसात मिनिटं, पण पुढची पायरी महत्त्वाची: पूर्ण गार होताच लगेच घट्ट डब्यात. आपल्या हवेत अर्धा तास उघडं राहिलं की परत जैसे थे. कालचे बटाटेवडे, सामोसे, पॅटिस हेही फॅन लावून १८० वर सहासात मिनिटं, मायक्रोवेव्हमध्ये त्यांचा जो ओला कापूस होतो तो होत नाही.

कोथिंबीर वडी आणि अळूवडी छान होतात, पण आधी नेहमीसारखी उकडून, गार करून, कापून घ्यायची. ब्रशने दोन्ही बाजूंना तेल लावायचं, आणि तेलात कंजुषी करायची नाही, कोरड्या वडीला फॅन नुसता वाळवतो आणि मग ती घशात अडकते. २०० वर पंधराएक मिनिटं, मधे उलटायची. तळलेल्यासारखी लागते का? नाही. चांगली लागते का? हो. चकली मात्र ओव्हनमध्ये करू नका, कितीही व्हिडिओ आले तरी. चकली गरम तेलात पडताच आतली वाफ झपकन बाहेर पडते आणि त्या वाफेनेच ती आतून पोकळ, हलकी होते, ओव्हनची हवा इतक्या वेगाने उष्णता देऊच शकत नाही. जे होतं ते काडीसारखं कडक होतं. दिवाळीत चार तळलेल्या चकल्या खाव्यात आणि गप्प बसावं.

मासे. बोंबलाचा लगदा झाला कारण ओला बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. तळतानासुद्धा आपण त्याला चिरून, काटा काढून, पाट्याखाली दाबून ठेवतो ते पाणी काढायलाच. ओव्हनमध्ये ते पाणी सुटत राहतं आणि उडून जायच्या आत तो स्वतःच्या पाण्यात शिजतो. बोंबील तव्यावरच करा, हट्ट नको. सुरमई, पापलेट, बांगडा यांचं जमतं. धुतल्यावर कागदाने अगदी कोरडे पुसा, हळद-मीठ-तिखट-आगळ लावून वीस मिनिटं ठेवा, परत सुटलेलं पाणी ओतून टाका, मग रवा आणि तांदळाचं पीठ, वरून तेल. ट्रेवर जाळी ठेवून त्यावर मासा ठेवायचा म्हणजे खालून पण हवा लागते. सुरमईची बोटभर जाड तुकडी २०० वर फॅन लावून बारा ते पंधरा मिनिटं, शेवटची दोन मिनिटं फक्त वरचा रॉड. चिकन तंदुरीला पण हीच जाळीची पद्धत, खालच्या ट्रेमध्ये थोडं पाणी घाला म्हणजे गळलेला मसाला जळून धूर होत नाही, आणि हाडाजवळ आतलं तापमान ७४ डिग्री झालं की झालं, रंगावर जाऊ नका. सुके बोंबीलही १५०-१६० वर मस्त खरपूस भाजले जातात, पण बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय येईल त्याची जबाबदारी तुमची.

पाव करायचा असेल तर फॅन बंद. अर्धा किलो मैदा, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, मीठ ९, साखर दोन चमचे, लोणी ४० ग्रॅम, आणि दूधपाणी मिळून ३०० मिली, पण पावसाळ्यात मैद्यातच ओल असते म्हणून वीसतीस मिली हातचं राखून ठेवा. परदेशी रेसिपीत पीठ दीड तास फुगवा लिहिलेलं असतं, ते त्यांच्या थंड घरासाठी आहे. आपल्याकडे ३०-३२ डिग्रीत पाऊण तासात दुप्पट होतं, घड्याळाकडे नाही पिठाकडे बघा, जास्त फुगलं की आंबट वास येतो आणि भाजताना पाव बसतो. गोळे टिनमध्ये जवळजवळ लावा म्हणजे लादी होते, परत फुगू द्या, १९० वर अठरा ते वीस मिनिटं, काढल्या काढल्या लोणी लावा आणि ओलसर फडक्याने झाका. फॅन लावला तर वरचं कवच आधीच कडक होतं आणि पाव वर येतच नाही.

आणि एक गंमत, हा वरून-खालून विस्तव आपल्याकडे नवीन नाहीये. पाठारे प्रभूंकडचं भानोलं, कोलंबी किंवा कोबी घालून बेसनाचं, ते पातेल्याच्या झाकणावर निखारे आणि खाली निखारे ठेवूनच व्हायचं. कोकणातली तवसळी तशीच, पिकलेल्या तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, कीस, रवा, गूळ, ओलं खोबरं. या दोन्ही गोष्टी ओटीजीत अशा होतात की जणू त्यांच्यासाठीच बनवलाय. दोन्ही रॉड, फॅन बंद, १७०-१८० वर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, वरून खरपूस कड हवी तर शेवटची पाच मिनिटं फॅन लावा. केक बिघडतोय म्हणून वैतागला असाल तर आधी तवसळी करा, ती सहसा बिघडत नाही, थोडी जास्त भाजली तरी चांगलीच लागते.

एअर फ्रायरचं विचारलंत. फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात तो आणला तेव्हापासून लोकांना वाटतं काहीतरी वेगळंच तंत्र आहे, पण तो छोट्या जागेत जोरदार फॅन लावलेला कन्व्हेक्शन ओव्हनच आहे. डबा लहान आणि वारा जास्त म्हणून लवकर तापतो आणि जास्त कुरकुरीत करतो, हे खरं. दोन माणसांचं घर, रोज मूठभर काहीतरी गरम करायचं, तर सोयीचा. पण त्यात फॅन बंद करायची सोय सहसा नसते, म्हणजे केक-पाव-तवसळीला तो कायम तुमच्या विरोधात. घरात फॅनवाला ओटीजी असताना मी तरी पैसे घालणार नाही, आणि मुंबईच्या ओट्यावर दोन्ही ठेवायला जागा कुणाकडे आहे.

जागेवरून आठवलं. ओव्हन फ्रिजवर ठेवू नका, आणि वरती लॅमिनेटचं कपाट टेकलेलं असेल तिथेही नको. मागे आणि बाजूला चार इंच तरी मोकळे, वर त्याहून जास्त. प्लगचं बघा: छोट्या पिनचा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॉट. तुमचा ३० लिटरचा बहुतेक १५०० किंवा वर असेल, त्याला मोठ्या पिनचा १६ अँपिअरचा सॉकेटच लागतो, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही, आणि जुन्या बिल्डिंगमध्ये त्याच लाइनवर गीझर असेल तर दोन्ही एकदम लावू नका. विजेची भीती घालतात लोक, पण १५०० वॉटचा ओव्हन पूर्ण वेळ ओढत नाही, रॉड बंद-चालू होत असतात, प्रीहीट धरून एक केक साधारण पाऊण ते एक युनिटमध्ये होतो, तुमच्या स्लॅबचा दर लावून बघा.

खालचा चुऱ्याचा ट्रे फॉइलने झाकायची आयडिया बऱ्याच जणी सांगतात, करू नका, उष्णता उलटी परत जाते आणि फॉइल रॉडला लागली तर वेगळंच प्रकरण. बटर पेपर म्हणून जे मिळतं त्यात मेणाचा कागद पण खपवतात, तो ओव्हनला चालत नाही, पाकिटावर किती डिग्रीपर्यंत चालतो ते लिहिलेलं असेल तोच घ्या. आणि कागद टिनच्या बाहेर लोंबता ठेवू नका, फॅनच्या वाऱ्याने उडून रॉडला चिकटतो आणि पेटतो. मासे केल्यावरचा वास जायला ओव्हन कोमट असतानाच वाटीत पाणी आणि लिंबाच्या साली घालून १५० वर दहा मिनिटं चालवा, मग प्लग काढा, गार होऊ द्या, आणि खायच्या सोड्याची पेस्ट लावून ओल्या फडक्याने पुसा, रॉडला मात्र पाणी लावायचं नाही.

थर्मामीटर आणलात की तुमच्या नॉबचे आकडे मला कळवा, केकचा वेळ त्याप्रमाणे बसवून देते.